वीणा खाली ठेवत नाहीत

सोजरबाईंनी वॉकरचा पुढचा पाय लिफ्टच्या दारात घातला. दार मिटायला आलं, वॉकरला टेकलं आणि पुन्हा उघडलं. आत केंद्रातल्या मदतनीस सुमनताई सोजरबाईंची कापडी पिशवी काखेत आणि उशी हातात धरून उभ्या होत्या.

"आजी, काढा की पाय. मला अजून सगळ्यांचा चहा द्यायचाय."

"पिशवी ठेव, मग काढते."

"भैरूदादांनीच फोन करून सांगितलंय, सामान वर न्या म्हणून."

"भैरूला मी जल्म दिला, का त्यानं मला?"

सुमनताईंना हसू आवरेना. त्यांनी पिशवी लिफ्टच्या बाहेर भिंतीशी ठेवली, वर उशी ठेवली. "ही इथं ठेवली. पण दादा आले की माझं नाव नका घेऊ."

चाकणच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या शुश्रूषा केंद्राचा तळमजला पडलेल्या-मोडलेल्यांचा. तिथं म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवायचे आणि घरी धाडायचे. वरचा मजला राहणाऱ्यांचा. वर ऊन होतं, टीव्ही होता, गॅलरीत मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. वाईट काहीच नव्हतं. पण ज्याची पिशवी वर गेली त्याच्या चपला दारातल्या मांडणीवर राहत नसत. नातेवाईक त्या घरी घेऊन जात. सोजरबाईंनी हे आल्या आल्या हेरलं होतं, आणि रोज सकाळी व्यायामाला जाताना त्या वाट वाकडी करून आपल्या चपला जागेवर आहेत ना, ते बघून घेत.

खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि व्यायाम घेणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी परवाच सांगितलं, "आजी, माझं काम झालं. वॉकर घेऊन चाला, फार खाली वाकू नका, आणि खुशाल घरी जा." त्याच संध्याकाळी भैरूनं वरच्या मजल्यावर खाट ठरवली.

त्याचंही खोटं नव्हतं. काळेवाडीच्या दोन खोल्यांत नवरा-बायको कामाला गेली की ही एकटी. न्हाणीत पाय घसरला तेव्हा सून रुपाली कामावरून येऊन कडी वाजवेपर्यंत ही तशीच ओल्या फरशीवर पडून होती. तेव्हापासून भैरू कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत फोन करी, "आई?" म्हणे, आणि तिचा आवाज कानावर पडला की पुढं काही न बोलता ठेवून देई.

सोजरबाईंना हे सगळं कळत होतं. म्हणून तर भांडायला जड जात होतं.

आज एकादशी. काळेवाडीच्या देवळातलं भजनी मंडळ केंद्रात कीर्तनाला आलं होतं. त्याच देवळात खांबाला टेकून सोजरबाईंनी बीड सोडून इकडे आल्यापासूनची सगळी कीर्तनं ऐकली होती. मजुरीवरून येऊन, भाकरी टाकून, लेकराला मांडीवर निजवून ऐकली होती. इथं फोनवर कीर्तन लावून देत; पण फोनवरच्या कीर्तनात हसायला आणि डोळे पुसायला शेजारी कुणी नसतं.

मोठ्या खोलीत टाळकरी उभे राहिले होते. बुवांची गाडी चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मागं अडकली होती, म्हणून मंडळानं नामाचा गजर धरला होता. वीणा भिमाजींच्या गळ्यात होता. भिमाजी काळेवाडीतले जुने शेतकरी. शेतं गेली, भाड्याच्या चाळी आल्या, पण वीणेकऱ्याची जागा त्यांनी सोडली नव्हती.

"सोजरबाई, आलीस व्हय? उभी बी ऱ्हायलीस की गं!"

"न ऱ्हाऊन सांगू कुणाला?"

केंद्राचे व्यवस्थापक निरंजन सर मोबाईल घेऊन पुढं आले. "वा! आजी, एक फोटो घेऊ. बाबा, तो वीणा जरा आजींच्या गळ्यात घाला ना. छान दिसेल आपल्या पेजवर."

भिमाजी क्षणभर थबकले. मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, वीणा कपाळाला लावला आणि सोजरबाईंच्या गळ्यात घालून त्यांच्या पाया पडले. वीणा ज्याच्या गळ्यात जातो त्याच्या पाया पडायचं, मग तो कुणी का असेना. सोजरबाईंना वाकायची मनाई. त्यांनी मान लववली. डावा हात वॉकरवर राहू दिला आणि उजवा उचलून तारेवर ठेवला.

इतक्या वर्षांत वीणा त्यांनी नेहमी बायकांच्या बाजूनं, लांबूनच पाहिला होता. भोपळ्याचा गार स्पर्श छातीला लागला तसे त्यांचे डोळे आपोआप मिटले. बोट तारेवर पडलं. टाळ त्याच्यामागं आले.

"झाला फोटो! थँक यू, आजी. आता बसा."

सोजरबाई वाजवतच होत्या.

"आजी?"

निरंजन सरांनी पट्ट्याला हात घातला, तसे भिमाजी पुढं झाले. "आं, आं, सर! वढायचा न्हाई. उभ्या गजरात वीणा खाली ठेवत न्हाईत आन् कुणाच्या गळ्यातनं काढूनबी घेत न्हाईत. त्यानं दिला तरच घ्यायचा. आन् जो घेईल त्यानं त्या जागी उभं ऱ्हायाचं."

"मग तुम्ही घ्या ना परत."

भिमाजींनी दोन्ही हात पुढं केले. "दे, बाई."

सोजरबाईंनी डोळे न उघडता नकारार्थी मान हलवली.

चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा खुसखुसले. "सर, तुम्हीच घालायला लावलात गळ्यात. आता सोडवा बघू!"

भैरू आणि रुपाली आली तेव्हा हे असं चाललं होतं. भैरू पहिली शिफ्ट उरकून तसाच आलेला, अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायांत जड बूट. लिफ्टपाशी पिशवी पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली होती. आत येऊन आईला पाहिलं आणि ती आठीही जागेवर राहिली नाही.

"आई! एका हातावर उभी आहेस? बस आधी."

"वीणा गळ्यात हाय."

"मग बाबांना दे."

"न्हाई देत."

"आई, सगळे बघतायत."

"बघू दे की. कधी नव्हं ते बघतायत."

भैरू जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "पडशील गं."

"पडले तर पडले, लेकरा. चालता चालता पडीन. वर बसून बसून संपायचं न्हाई मला."

"मी कंपनीत असतो. मशीनवर हात असतात आणि डोळ्यांपुढं ती न्हाणी असते. मी काय करू, सांग?"

सोजरबाईंचं बोट तारेवर थांबलं, पण लगेच पुन्हा पडलं. एवढंच.

"वीणेकऱ्यापुढं बूट घालून उभा हायस," त्या म्हणाल्या.

भैरूनं खाली पाहिलं. लहानपणी याच बाईनं त्याची मानगूट धरून त्याला वीणेकऱ्याच्या पायांवर घातलं होतं. तो मागं झाला, बूट काढले, मोजेही काढले, आणि पुढं येऊन त्यानं आईच्या पावलांवर डोकं ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं. पावलं सुजलेली होती, पण थरथरत नव्हती.

तो उठला. "दे माझ्याकडं."

"उभं ऱ्हावं लागंल."

"राहतो."

"हात धुतलेस का?"

टाळकऱ्यांत हशा पिकला. भैरू मुकाट्यानं कोपऱ्यातल्या नळावर गेला आणि ग्रीस लागलेले हात साबणानं घासून आला. सोजरबाईंनी वॉकर पोटाशी टेकवला, पट्टा स्वतः काढला, वीणा कपाळाला लावला आणि लेकाच्या गळ्यात घातला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्या छातीला हात लावून तो कपाळाला लावला. भैरू बावरला. आईनं पाया पडल्यासारखं केलेलं त्याला सोसलं नाही. पण हात वीण्यात गुंतलेले.

"वाजव. थांबू नको."

मग त्यांनी वॉकर दोन्ही हातांनी धरला. सुमनताईंनी खुर्ची पुढं सरकवली होती. तिला वळसा घालून त्या दाराकडं निघाल्या.

"रुपाली, पिशवी घे."

रुपालीनं नवऱ्याकडं पाहिलं, मग लिफ्टकडं. पिशवी तिथंच भिंतीशी होती, उशीसकट. तिनं दोन्ही उचललं आणि ती सासूच्या मागं चालू लागली.

"आजी, असं कसं!" निरंजन सर मागं धावले. "वरची खाट तयार आहे. आणि घरी तुम्हाला झेपतं की नाही, हे तरी बघायला हवं ना?"

"तुमच्याकडं फोटो हाय की, सर. उभी हाय मी त्यात."

"आई!" भैरूचा आवाज मागून आला. तार थांबली.

सोजरबाईही थांबल्या. समोरच्या काचेच्या दारात आतली खोली दिसत होती. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, काचेतच पाहिलं. भिमाजींनी भैरूपुढं दोन्ही हात केले होते. "द्या माउली, मी घेतो. जा तुमी, आडवा तिला."

एवढं बोलून ते हात तसेच राहिले. भैरूनं त्या हातांकडं पाहिलं. दाराकडं, तिच्या पाठीकडं पाहिलं. मग त्यानं नकारार्थी मान हलवली, अगदी तिच्यासारखी, आणि तारेवर बोट ठेवलं.

सोजरबाईंनी वॉकर उंबऱ्यापलीकडं टाकला.

मांडणीवरच्या चपला रुपालीनं खाली ठेवल्या, सोजरबाईंनी त्यांत बोटं घातली. फाटकापाशी मंडळाची गाडी उभी होती. कीर्तन आटोपलं की ती काळेवाडीलाच जायची होती.

"आत्या, न्हाणीत धरायला दांडी बसवून घेऊ आधी," रुपाली म्हणाली. "आणि शेजारच्या काकूंकडं एक किल्ली देऊन ठेवू."

"बसव की. दोन बसव."

रुपालीनं गाडीचं दार उघडलं, खोल सीटकडं पाहिलं आणि काखेतली उशी त्यावर ठेवली. सोजरबाई आधी टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. आतून गजर ऐकू येत होता.

"घाई करतोय मेला," त्या म्हणाल्या, आणि वॉकरच्या दांडीवर बोटानं त्याला ठेका देऊ लागल्या.