फाडलेलं पहिलं पान

मित्रांनो, मी एक शंभर पानी वही. पाठपोट मोजाल तर अठ्ठ्याण्णवच भरतील. पुठ्ठा मळलाय, पिना गंजल्यात, पण राग अजून ताजा आहे.

सन २००६ मध्ये उल्हासनगरच्या कॅम्प चार भागातल्या दुकानातून यशोधराने मला घेतलं. ती अंबरनाथची, कॉलेजात युरोपातली जुनी नाटकं शिकत होती. त्यातलंच चारशे वर्षांपूर्वीचं एक इटालियन सूडनाटक तिने माझ्यात मराठीत उतरवलं. आठ महिने खपली. संध्याकाळी आईला, गयाबाईंना, वाचून दाखवायची.

भाकरी थापता थापता गयाबाई म्हणायच्या, "हा सरदार चिडलाय ना? मग एवढं गोड कशाला बोलतोय? दे की चार शिव्या!"

यशोधरा खोडायची, पुन्हा लिहायची. माझ्या कडांना पीठ लागायचं आणि मला फार बरं वाटायचं.

कॉलेजच्या श्यामकांत सरांनी नाटक बसवायला घेतलं. दिग्दर्शक तेच, सूड घेणारा सरदारही तेच. इथवर ठीक होतं. पण एके दिवशी 'अनुवाद : यशोधरा' लिहिलेलं माझं पहिलं पान त्यांनी टर्रकन फाडलं. बदलापूरच्या नाट्यस्पर्धेच्या पत्रिकेत अनुवादक म्हणूनही त्यांचंच नाव आलं. आयत्या बिळावर नागोबा!

"सर, माझं नाव?" यशोधराने विचारलं.

"अगं, स्टुडंटचं नाव बघून परीक्षक सीरियसली घेत नाहीत. तू विंगेत बसून प्रॉम्प्टिंग कर. ते पण इम्पॉर्टंट आहे."

ती मला घेऊन विंगेत जाऊन बसली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

सरांच्या पाठांतराच्या नावाने शंख होता. विंगेतून येईल ते वाक्य अर्थ न बघता ठोकून द्यायचे.

प्रयोगाच्या दिवशी, शेवटच्या प्रवेशात, दगाबाज भावावर तलवार उगारून सर उभे राहिले आणि अडकले. त्यांनी विंगेकडे पाहिलं. यशोधराने मला मिटलं. मी मनात म्हटलं, पोरी, आता सोडू नकोस.

"हे नाटक मी लिहिलं नाही," ती हळूच म्हणाली.

"हे नाटक मी लिहिलं नाही!" सर गरजले.

"यशोधराचं पान फाडून मी ते चोरलं."

"यशोधराचं पान फाडून मी ते..." आपण काय बोलतोय ते सरांना आत्ता कळलं. तलवार हवेतच राहिली. मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी पत्रिका उघडून नाव पाहिलं.

तिसऱ्या रांगेत गयाबाई उठून उभ्या राहिल्या. "आत्ता खरं बोलला बघा!"

परीक्षकांनी यशोधराला मंचावर बोलावलं. मला छातीशी धरून ती गेली आणि माईकवर तिने स्वतःचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर घरी येऊन माफी मागून गेले. यशोधराने माफ केलं, गयाबाईंनी चहासुद्धा पाजला. जाताना त्यांनी मला हात लावला, तेव्हा माझी सुटलेली पिन मी त्यांच्या अंगठ्यात खोल घुसवली.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, ओल लागू देऊ नका. पण दुसऱ्याच्या वहीचं पान फाडायला जाल, तर आधी आपला अंगठा सांभाळा. माफ करणं माणसांना जमतं. मला कोणी शिकवलेलं नाही, आणि शिकायचंही नाही.