युवक मंडळाची वयोमर्यादा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या जनजागृती युवक मंडळाचा अध्यक्ष जोतिराम साठी ओलांडून पुढे गेला होता. उपाध्यक्षांची बायपास झाली होती, चिटणिसांना एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि खजिनदार देवाप्पाचा नातू शाळेत जायला लागला होता. व्यायामशाळेत डंबेल्सच्या शेजारी बीपीचं मशीन होतं आणि वापर त्याचाच जास्त होता. तरीही कुणी चेष्टेनं ज्येष्ठ नागरिक संघ म्हटलं, की जोतिरामच्या कपाळावर आठी पडायची.

त्याला कारण होतं. ऐन विशीत, आंदोलनाच्या धामधुमीत, या सगळ्यांनी गावदेवीच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती, की सीमाभाग महाराष्ट्रात जाईपर्यंत मंडळाची कार्यकारिणी बदलायची नाही. तेव्हा सगळ्यांचा अंदाज फार तर दोन-तीन वर्षांचा होता. पुढे प्रकरण दिल्लीच्या कोर्टात गेलं, तारखा पडत राहिल्या आणि कार्यकारिणी जागच्या जागी राहिली. दरम्यान पोरं शिकली आणि गेली. जोतिरामचा सिद्धेश हिंजवडीला, देवाप्पाचा मंथन चाकणला. सीमाप्रश्न ज्यानं त्यानं आपापल्यापुरता सोडवला होता.

अशात मंडळाच्या भाड्याच्या खोलीचा मालक, खोली खाली करा, मोबाईलचं दुकान टाकायचंय, असं सांगून गेला. आणि त्याच आठवड्यात इंदुताईंनी जोतिरामला बोलावणं धाडलं.

इंदुताई शिलाईकाम करायच्या. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. मंडळाच्या पहिल्या कबड्डी संघाच्या चड्ड्या त्यांनीच शिवलेल्या. त्यामुळे कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं जुनं माप त्यांना पाठ होतं आणि वेळप्रसंगी त्या ते चारचौघांत सांगतही असत.

जोतिराम गेला तेव्हा सोप्यात वकीलबाई बसल्या होत्या. पारमिता त्यांचं नाव, माहेर निपाणीचं, वकिली बेळगावात.

"माझं घर अन् मागची जागा मंडळाला द्यायची हाय," इंदुताई म्हणाल्या. "माझ्या माघारी. घरात पोरापोरींस्नी अभ्यासिका काढा, मागं मैदान करा. मी हाय तवर पुढची खोली वापरा."

जोतिरामनं घसा खाकरला. आभाराच्या भाषणाची त्याला सवय होती, पण ते माईकवर.

"एक अट आहे," पारमिता म्हणाली आणि मृत्युपत्राचा मसुदा वाचू लागली. मंडळाचे सगळे पदाधिकारी तिशीच्या आतले हवेत. नसले तर मालमत्ता पिरनवाडीच्या पुतण्याला जाईल.

"आक्का, मग आम्ही कुठं जायाचं?"

"कुठं म्हंजे? घरी. घर न्हाय व्हय तुला?"

"आम्ही भंडारा उचललाय."

"ते मला ठाव हाय. उचललास तवा तुझी कंबर अठ्ठावीस हुती."

"पुतण्या जागा इकून टाकील, आक्का."

"टाकंल की. त्यो तसा हाय म्हणूनच तर त्याचं नाव घातलंय. तुला जरा घाई झाली पायजे."

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. देवाप्पानं तोडगा आणला होता. मंडळाच्या घटनेत दुरुस्ती करायची, की युवक म्हणजे मनानं तिशीच्या आतला. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि पारमिताला फोन लावला.

"मनाच्या वयाचा दाखला कुठनं आणणार?" तिनं विचारलं. "तहसीलदार देतात काय?"

दुसरा तोडगा जोतिरामचा. अध्यक्ष सिद्धेशला करावं, तो पुण्यात राहील, इथलं बघायला बाप आहेच. फोन लावला तेव्हा सिद्धेश मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, माझं आधार, मतदान सगळं पुण्याचं झालंय. मी आता महाराष्ट्रातला माणूस." जोतिरामनं आयुष्यभर मागितलेली गोष्ट पोरगा फोनवर सहज सांगून मोकळा झाला होता. त्यात रागवावं कशावर, हे त्याला कळेना.

शेवटी चिटणीस म्हणाले, शपथ देवीपुढं घेतली, तर विचारायचंही देवीलाच.

दुसऱ्या दिवशी सगळे देवळात जमले. भरमा पुजाऱ्यानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर शपथेतनं मोकळं, डावी पडली तर बांधलेलं. जोतिरामनं हात जोडले. मनातल्या मनात तो डाव्या पाकळीकडे बघत होता.

भरमाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर असतानाच उजवी पडली.

"देवीला घाई दिसती," देवाप्पा म्हणाला.

"पाकळी लई ओली हुती. परत लाव," जोतिराम म्हणाला.

परत उजवी. मग फुलं बदलली. पुन्हा उजवी.

"अध्यक्ष," भरमा हात पुसत म्हणाला, "अजून लावायचा असंल तर दुसरी देवी बघा. ही काय ऐकत न्हाय."

जोतिराम देवळाच्या पायरीवर बसला. त्यानं लाठ्या खाल्ल्या होत्या, हे खरं होतं. पण लाठ्या शपथेच्या आधीच्या. शपथ पाळायला तसं काहीच लागलं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, आणि ते त्याला चांगलं जमलं होतं.

आता गावात तिशीच्या आतलं उरलं कोण, याचा शोध सुरू झाला. पोरं बाहेर, पण पोरी होत्या. त्यांना रोज पहाटे खळ्यावर कबड्डी शिकवणारी राजेश्वरी होती. ती एका कन्नड शाळेत पीटीची शिक्षिका होती. देवाप्पाचं तिथं अडलं.

"कन्नड शाळंत नोकरी, अन् आपल्या मंडळाची अध्यक्ष?"

"काका, पगार कन्नडमधे होतो," राजेश्वरी म्हणाली, "पण मोजते मी मराठीत."

देवाप्पानं जोतिरामकडे पाहिलं. जोतिराम खिसा चाचपत होता.

"आणखी एक सांगते," ती म्हणाली. "एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या निषेध फेरीला येईन, पण पोरींची प्रॅक्टिस उरकून. अन् भंडारा काय उचलणार न्हाय. मला तीस झाली की मी उठणार."

"उठशील गं," जोतिराम म्हणाला. "खुर्चीत बसल्यावर तसं वाटत न्हाय, एवढंच."

मग त्यानं खिशातनं राजीनामा काढला. तो त्यानं सकाळीच लिहिला होता. त्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं होतं. जोतिरामनं त्यातला पहिला शब्द सगळ्यांदेखत खोडला आणि वर 'वयाच्या' असं लिहिलं. बाकीच्यांचे राजीनामे यायला आठवडा लागला. देवाप्पाचा सर्वात शेवटी, तोही नातवाच्या वहीच्या कागदावर.

मृत्युपत्राच्या नोंदणीच्या दिवशी बेळगावच्या कचेरीत इंदुताई खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी पारमिता. साक्षीदार दोन हवे होते. एक शेजारच्या अंबुबाई आल्या होत्या. दुसरा कोण, म्हणून शोधाशोध चालली होती.

"जोतिराम करंल की सही," इंदुताई म्हणाल्या.

"मंडळाचा पदाधिकारी नको," पारमिता म्हणाली. "उद्या पुतण्या हरकत घेईल." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्ही आता पदावर न्हाय, न्हवं?"

"न्हाय," जोतिराम म्हणाला. हा शब्द त्यानं पहिल्यांदाच या संदर्भात वापरला.

तो टेबलापुढे गेला. कारकुनानं नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं, आणि मान वर न करता कन्नडमध्ये उद्योग विचारला. जोतिरामच्या तोंडात सवयीनं एक शब्द आला होता, तो त्यानं गिळला.

"माजी," तो म्हणाला.

"माजी काय?"

"युवक."

कारकुनानं मान वर करून एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि लिहून घेतलं.