बिननावाच्या कार्डाचा कौल

मे महिना उजाडला की तैपेईच्या संगणक बाजारात अफवांचं पेव फुटतं. जूनमध्ये मोठं प्रदर्शन भरतं, ग्राफिक्स कार्डांच्या कंपन्या आपला नवा माल त्यात दाखवतात, आणि तोवर कुणाच्याच पोटात काही राहत नाही.

शिऊ-येचं दुकान तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी होतं. अशा अफवा ऐकत तिचे केस पिकले होते. ऐकलं त्यातलं अर्धं जिन्यावरून खाली सोडून द्यायचं, उरलेल्यावर आशा ठेवायची, आणि खोकं हातात आल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा नाही, ही तिची रीत.

समोरच्या दुकानातला क्वो-तुंग नेमका उलटा. त्याला बातमी पचतच नसे.

"ताई, ऐकलंत का? नवं कार्ड येतंय! मेमरी दुप्पट, तापणार निम्मं!"

"कोण म्हणालं?"

"माझा साडू खोकी छापण्याच्या कारखान्यात आहे. त्याने डोळ्यांनी खोकं पाहिलंय."

"आत काय होतं?"

"आत... आत अजून काही नव्हतं."

"मग प्रगती आहे रे बाबा. गेल्या वर्षी तुझं खोकंसुद्धा नव्हतं."

एवढ्यात वेन-ची आली. हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला. ही चिनशान गावच्या कोळ्याची पोर; घरी बसून संगणकावर चित्रपट करायची. सध्या बापाच्या मासेमारीवरच करत होती. त्यांच्याकडे होडीच्या टोकाला धडाम् करून जाळ पेटवायचे, उजेडाला भुलून मासे पाण्याबाहेर उड्या मारायचे, की खालून जाळं घालायचं. तशा होड्या आता उरल्या नव्हत्या. बापाचीही मोडीत निघाली होती. गावाने देवीला नवसात बोललेला सिनेमा यंदा उत्सवात देवळापुढे वेन-चीचाच दाखवायचा ठरला होता, आणि म्हातारा घरोघर सांगत सुटला होता, "माझी पोर दाखवील तुम्हाला मासे कसे उडायचे ते."

"आणि नेमका तोच प्रसंग निघत नाही, मावशी," वेन-ची म्हणाली. "हजारो मासे, पाणी, जाळ. माझ्या जुन्या कार्डात मावतच नाही. यंत्र मान टाकतं. तुमच्याकडचं कार्ड आज घेऊ, की नव्याची वाट बघू? दोन्ही घेण्याची ऐपत नाही. आणि देवीची तारीख काही पुढे ढकलता येत नाही."

"थांब!" क्वो-तुंग तिथूनच ओरडला. "आजचं घेशील तर पस्तावशील!"

"तुझं खोकं रिकामं आहे, तू गप्प बस," शिऊ-ये म्हणाली. पण 'घे' हा शब्द तिच्याही तोंडून निघेना. आजच्या कार्डात तरी एवढे मासे मावतील याची तिला खात्री कुठे होती? शेवटी तिने काउंटरवर झाकण टाकलं. "चला, म्हातारबाबांना विचारू."

म्हातारबाबा म्हणजे मागच्या गल्लीतला भूमिदेव. बाजारातले सगळे त्याला विचारूनच दुकान थाटतात. वेन-चीने उदबत्ती लावली, डोळे मिटून पुटपुटली आणि कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार. पडल्या दोन्ही उताण्या. म्हणजे देव हसला.

पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच.

"त्यालाही प्रदर्शनाआधी बोलायची बंदी असेल," क्वो-तुंग म्हणाला. दुकान उघडं टाकून तोही मागोमाग आला होता.

शिऊ-येने कोरी उचलल्या. "विचारलंस तरी काय, पोरी?"

"रीतीप्रमाणे नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली. मग म्हटलं, नवं कार्ड वेळेत येईल का?"

"कोणतं कार्ड?"

"त्याला... अजून नाव नाहीये."

"अगं, मग देवाने चौकशी करायची कुठे? बिननावाच्या मालाचा कौल लावलास! हसेल नाही तर काय करील बिचारा?"

"नाव आहे की," क्वो-तुंग पुढे सरसावला. "म्हणजे पाच आहेत. त्यातलं कोणतं, ते अजून..."

"तू मागे हो. वेन-ची, जे दुकानात आहे त्याचं विचार. त्याला नावही आहे आणि खोकंही."

वेन-चीने त्या कार्डाचं नाव नीट घेतलं आणि आजपासून कामाला लागू का, असं विचारलं. एक पालथी, एक उताणी. तीन वेळा टाकलं, तिन्ही वेळा होकार.

दुकानात परतल्यावर शिऊ-येने कार्ड दिलं. पण यंत्राची पेटी मात्र ऐसपैस काढली आणि वीजपुरवठाही दांडगा बसवला.

"एवढं कशाला, मावशी?"

"पाहुणा येणार म्हणतात. आला तर दारात अडकायला नको. मासे शेवटाला ठेव. तोवर नवं आलंच, तर हे मी परत घेईन."

"म्हणजे येईल असं तुम्हालाही वाटतं?"

"येईल. कधी, ते मात्र मला विचारू नकोस."

जूनमध्ये कार्ड खरंच मंचावर झळकलं. मेमरी दुप्पट, अगदी साडूच्या शब्दाप्रमाणे. तापण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि दुकानात यायचं होतं थेट शरदात.

"म्हटलं नव्हतं मी?" क्वो-तुंग बाजारभर मिरवला. शिऊ-येला आनंद झाला, पण शरदापर्यंत देवीचा उत्सव उलटून जाणार होता. तिने वेन-चीला फोन लावला.

"कळलं, मावशी," पलीकडून थकलेला आवाज आला. "मासे एकदम मावत नाहीत, म्हणून थोडे थोडे काढतेय. पाणी वेगळं, जाळ वेगळा, मासे टोपलीटोपलीने. मग एकावर एक रचायचं. संपेल की नाही, देव जाणे."

उत्सवाच्या संध्याकाळी शिऊ-ये बसने चिनशानला गेली. पडद्यापुढची पहिली रांग देवांसाठी मोकळी होती. त्या रांगेमागे वेन-चीचा म्हातारा बाप स्टुलावर ताठ बसला होता. वेन-ची स्कूटरवरून आली ती सिनेमा चालवणाऱ्याच्या हाती चित्रपट साठवलेली डबी ठेवून बापाशेजारी मटकन बसली. झालं का, हे विचारायलाही शिऊ-येला सवड मिळाली नाही.

पडद्यावर काळं पाणी आलं. होडी आली.

धडाम्! सगळं अंगण उजळलं आणि पाण्यातून मासे उसळले. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, पडदा चांदीने भरून गेला. म्हातारा ताडकन उभा राहिला. दोन्ही हात जाळ्याच्या काठीवर असल्यासारखे आवळलेले.

"टाक! अरे टाक ना मेल्या, बघतोस काय!"

मागून आणखी दोन म्हातारे ओरडले, "टाक, टाक!" तेव्हा कुठे पडद्यावरच्या कोळ्याने जाळं घातलं.

म्हातारा हळूच खाली बसला.

"उशीर केला त्याने," पडद्यावरून नजर न काढता तो लेकीला म्हणाला. "निम्मे गेले." मग स्टूल पुढे सरकवत, "पण यायचे ते असेच यायचे."