चिखलाच्या दगडाचं झाकण

चाँद पाशाच्या शेतातल्या बोअरच्या तोंडाशी काडी ओढली की भपकन निळा जाळ उठायचा, आणि अख्खं डोंगरकडा गाव ओरडायचं, "पाशाभाई, नशीब फळफळलं!" म्हाताऱ्यानं लगोलग पीराला बकऱ्याच्या जेवणाची कंदुरी बोलली. सौदीत दम्मामला असलेल्या थोरल्या लेकाला फोन लावला. "फहीम, नोकरी सोड बेटा. आता ग्यासची कंपनी गावातच येऊन राहिली. तुझं तोंड पाहून मरू दे मला." फहीम तर या हाकेची वाटच बघत होता. त्यानं राजीनामा टाकला.

त्याची बहीण आफिफा त्याच कंपनीत भूगर्भाचं काम करायची. माळावर खोल भोक पाडून उसाच्या कांडीसारखे गोल दगड वर काढत, ते ती तपासायची. गाव म्हणायचं, पोरीनंच ग्यास आणला. आणला कसला, कर्माचा! आज शेवटच्या कांड्या हाती आल्या आणि तिनं त्यांच्यावर नख ओढून पाहिलं.

जमिनीखालचा ग्यास अडतो तो वरच्या शेलमुळे. शेल म्हणजे चिखलाचा दगड. पण चिखल काय सगळा सारखा असतो? खोल, निवांत पाण्यात बसलेला चिखल बारीक आणि चिकट. त्याचं झाकण घट्ट बसतं. हा मात्र कुठल्या तरी जुन्या नदीनं पुरात काठावर फेकलेला. थराथरात रेतीचे पदर. चिकणमाती कमी, गारगोटीची भुकटी जास्त, म्हणून दाबाखाली ठिसूळ होऊन तडकलेला. नखाला खरखर लागत होती. त्या पदरांतून, त्या भेगांतून ग्यास कधीचाच निसटून गेला होता, आणि खालच्या वाळूच्या दगडात नुसतं खारं पाणी उरलं होतं. गाव ज्या जाळापुढं नाचत होतं, तो त्याच गळतीचा होता. दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला, भोक बुजवा, मशिनी हलवा.

ती गावात पोचली तेव्हा दर्ग्यापुढं कंदुरीच्या डेगी चढल्या होत्या. फहीम सकाळीच दम्मामहून येऊन उतरला होता आणि हसत हसत पंगतीत वाढत होता. आफिफानं अब्बांना बाजूला घेतलं.

"अब्बा, खाली ग्यास न्हाई."

"येडी का काय? जाळ दिसून राहिला की सगळ्यांना!"

"वर निसटला म्हणूनच दिसतो, अब्बा. वरचं झाकण रेताड हाय. कणगी रेताड मातीनं लिंपली तर काय होतं?"

"भेगा पडतात. किडे शिरतात."

"इथं आतलं बाहेर गेलं."

म्हाताऱ्यानं डेगीखालचं लाकूड आत सारलं. मग लेकरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मग पुन्हा लिंपता येत न्हाई? तुमच्याकडं येवढ्या मोठाल्या मशिनी हायत."

"न्हाई, अब्बा."

"काहून न्हाई?"

तिला रडू फुटलं.

"डोळे पूस," तो म्हणाला. "आज फहीमला जेवू दे पोटभर."

पंगत उठल्यावर फहीम जेवायला बसला. "आफिफा, माझ्या कामाचं बोललीस ना साहेबांशी?" तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. अब्बांनीच पुढं होऊन त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

"पासपोर्ट कुठं ठेवला रे?"

"हाय ब्यागेत. आता कशाला लागतो तो, अब्बा?"

"सांभाळून ठेव, बेटा," चाँद पाशा म्हणाला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.