भिंतीच्या पोटी जन्मलेला अल्बम

मी एक जॅझ अल्बम बोलतोय. सावकाश ऐका, कारण मी अजून हादरलेलो आहे.

माझा जन्म स्टुडिओतला म्हणतात. खोटं आहे. मी घाटकोपरच्या एका बुद्धविहारामागच्या भिंतीच्या पोटी जन्मलो. फ्लेक्स येण्याआधी नाना दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि उरलेल्या रंगानं त्या भिंतीवर चित्रं काढायचे. नळावर भांडणाऱ्या बायका, भीमजयंतीचा बँड, पत्र्यावर झोपलेलं मांजर. त्यांची मुलगी संघमित्रा त्याच बँडमध्ये ट्रम्पेट शिकली. कॉलेजात तिला जॅझचं वेड लागलं आणि एका चित्राची एक धून असं करत तिनं मला घडवलं.

पियानोवर मुलुंडचा निहार होता. तो भांडण इतकं जोरात वाजवायचा, की संघमित्रा ओरडायची, "अरे, नळ आहे तो, धबधबा नाही!"

माझं कव्हर तिनं मुद्दाम कोरं ठेवलं. "चित्रं कशाला छापायची? लोक भिंतीसमोर बसून ऐकतील ना!"

म्हणून माझं प्रकाशनही तिथेच ठरलं. त्या दिवशी दुपारी ती मला छातीशी धरून विहारामागे वळली आणि थबकली.

भिंत पांढरीशुभ्र होती. खाली निळा पट्टा. रंग अजून ओला.

मंडळाचा अध्यक्ष किरण धावत आला. जयंतीला रंगवतात तशीच पोरांनी ती रंगवली होती, अगदी प्रेमानं. "ताई, सरप्राइज! एवढे पाहुणे येणार, पोपडे सुटलेली भिंत कशी दाखवायची? झकास झालीय ना?"

मी तिच्या हातून खाली पडलो.

"किरण, लोक ती भिंत बघायला येतायत रे."

"मला वाटलं, तुला ऐकायला येतायत."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नाना आज पहिल्यांदाच घराखाली उतरले होते. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. तो पांढरा झाला. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वाजव."

"काय बघून वाजवू, नाना?"

तिनं ट्रम्पेट ओठांना लावलं. नळाची धून आली तसं नानांचं बोट हवेत उठलं. "इथं हंडा होता." किरण कोळसा घेऊन भिंतीला भिडला. "इथं?" "खाली रे, गाढवा!"

मांजराची धून आली आणि बोट थांबलं. ते कुठल्या कुशीवर झोपलं होतं? नानांना आठवेना. सगळ्यांनी मोबाइल धुंडाळले. सेल्फींमध्ये नुसते चेहरेच चेहरे, मागे जेमतेम शेपटी.

तुमच्या गल्लीत अशी एखादी भिंत असेल, तर उठा, आत्ताच जाऊन बघा. सेल्फीसाठी तिच्याकडे पाठ करू नका. रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा विचारा, की ही कुणाची.

मी ते मांजर रोज वाजवतो. त्याचा श्वास मला पाठ आहे. पण ते दिसत कसं होतं, हे मलाही माहीत नाही.