बोटभर माया

शिंप्याचा पाय काही थांबत नव्हता. दोन महिने आधीच जन्मलेल्या त्याच्या जुळ्या मुली आत काचेच्या पेटीत होत्या आणि तो बाहेरच्या बाकावर मशीन चालवल्यासारखा पाय हलवत बसला होता.

"अहो, बाक हलतोय," बायको म्हणाली.

नर्सने टोप्या मागितल्या तेव्हा कुठे त्याच्या हाताला काम मिळालं. तासाभरात त्याने दोन शिवून आणल्या. मोठीला घातली, तर ती थेट हनुवटीपर्यंत उतरली.

"वाढत्या अंगाच्या शिवल्यात ना?" बायकोने कपाळावर हात मारला. "जन्माची खोड."

"आजच्या डोक्याच्या शिवा," नर्स म्हणाली.

त्याने टीप आत घेतली, पण जास्तीचं कापड कापलं नाही. टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला दुमडली.

"हे कापून टाका की," नर्स म्हणाली.

"ती माया आहे, सिस्टर. माया कापत नसतात."

आठ दिवसांनी नर्स मोठीची टोपी घेऊन बाहेर आली. घट्ट होत होती. त्याने खिशातल्या कात्रीने तिथेच टीप उसवली.

"आणि धाकटीची?"

"तिला अजून सैलच आहे."

त्याचा पाय पुन्हा सुरू झाला. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिच्या टोपीत माया आहे ना?"

"बोटभर आहे," तो म्हणाला, आणि तिच्या हाताखाली त्याचा पाय हलतच राहिला.