लाखेचा थर

कुंताबाई माझ्या नवऱ्याशी फारसं बोलत नसत, आणि मला तेच सहन होत नसे.

टेकचंद भट्टीपाशी उभे राहून नुसतं "हं" म्हणत, की कुंताबाई वाळूची पेटी उघडत. त्यांनी मान तिरकी केली की कुंताबाईंचा कानस पुढे करणारा हात आधीच निघालेला असे. माझ्याशी मात्र टेकचंदांना पूर्ण वाक्य बोलावं लागे. "शोभा, तू मीठ कमी टाकलं." कर्ता, कर्म, क्रियापद.

लोकांच्या मनात येईल तसलं काही नव्हतं. कुंताबाई पन्नाशीच्या होत्या. सासऱ्यांच्या काळापासून त्या आमच्याकडे कामाला होत्या; टेकचंदांना त्यांनी कडेवर घेतलं होतं. तसली शंका असती तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

भंडाऱ्यात आमचा पितळेचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची टिनाची छपरी, एक भट्टी, एक लेथ आणि चार माणसं. सासऱ्यांच्या काळात तिथे पाण्याचे गुंड आणि परातीच व्हायच्या. मी चौऱ्याहत्तरमध्ये लग्न होऊन आले तेव्हा बाजारात स्टीलची भांडी आली होती आणि गुंड दुकानांच्या वरच्या फळीवर गेले होते. मी नागपूरची, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. कॉलेजनं जुनं सामान काढलं तेव्हा विकत घेतलेला, बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर कॅलिपर माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होता.

तो बाहेर निघाला भोजराज मिस्त्रींमुळे. मोटारी दुरुस्त करणारे भोजराज एक दिवस दरवाज्याची तुटलेली मूठ घेऊन आले. गाडी चाळीस वर्षं जुनी, विलायती. "हे बनवणारी कंपनीच राह्यली नाही म्हणते. तुमी करता का बा?" टेकचंदांनी करून दिली. मूठ अशी बसली की भोजराजांनी दार वीसदा उघडलं आणि लावलं. मग तुमसरहून रेडिएटरचं झाकण आलं, गोंदियाहून खिडकी वरखाली करायची दांडी आली. जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या मालगुजार जमीनदारांच्या शेडात अशा गाड्या एखाद्या तुकड्यावाचून उभ्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मी एक वही केली. आलेला प्रत्येक तुकडा मोजायचा, खऱ्या मापाचं चित्र काढायचं, कडेला आकडे लिहायचे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. टेकचंद गिऱ्हाइकाला वही कौतुकानं दाखवत. "आमच्या घरी बी.एस्सी. आहे." मग वही टिनाच्या डब्यात जाई, आणि तुकडा कुंताबाईंच्या मांडीवर.

त्यांचं काम नमुना तयार करायचं. जुना तुकडा घासून, तुटला असेल तिथे लाखेनं भरून, तो वाळूत दाबायचा म्हणजे वाळूत त्याची खोल खूण उठते. त्या खुणेत वितळलेलं पितळ ओतायचं. लाख त्या साकोलीकडून आणवत, पळसावरची. ती तापवून सबंध तुकड्यावरच तिचा पातळ थर देत, आणि अंगठ्याच्या नखानं तपासत. तुटलेलं भरणं मला समजे. न तुटलेल्या भागावर थर कशाला, ते समजत नसे. मी एकदा विचारलं होतं.

"माही सासू अशीच लावे," त्या म्हणाल्या.

हे काही उत्तर नव्हतं. पण ओतलेला तुकडा थंड झाल्यावर टेकचंद तो आधी कुंताबाईंच्या हातात देत. त्या तो नखानं वाजवत, कानाशी धरत, आणि टेकचंद तुकड्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत. त्या हसल्या की तेही हसत. मी छपरीच्या दारात वही घेऊन उभी असे. पाच वर्षांत एकही तुकडा आधी माझ्या हातात आला नाही. मी मोजत होते.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत सानगडीहून मारोतराव आले. त्यांच्याकडे छत्तीस सालची गाडी होती. नागपूरला मार्चमध्ये जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती, त्यात त्यांना ती न्यायची होती. अडलं होतं एका पंख्यावर. इंजिनाभोवती पाणी फिरवणाऱ्या पंपात पितळेचा वाटोळा पंखा असतो, त्याचं एक पातं मोडलं होतं आणि बाकीची झिजली होती.

"टेकचंदभाऊ, तिथं पन्नास गाड्या येतीन," मारोतराव म्हणाले. "माही गाडी पोचली का तुमचं नाव झालं समजा. मंग तुमी गुंड वितळवा नाहीतर फेका."

मी पंखा ज्यात फिरतो ते पंपाचं घर मोजलं, पंखा मोजला, झीज मिळवली. पंख्याचा व्यास नव्वद मिलिमीटर हवा होता. नव्वद पूर्णांक शून्य. मी तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला.

ओतायच्या दिवशी मारोतराव सकाळीच येऊन खाटेवर बसले होते. कुंताबाईंनी नमुना खिडकीत ठेवला आणि त्या जेवायला घरी गेल्या. टेकचंद भट्टीत कोळसा घालत होते. मी खिडकीशी गेले आणि व्हर्नियर लावला.

एक्याण्णव पूर्णांक सात.

मला आनंद झाला, हे लिहायला हवं. पाच वर्षं ज्या नखाला सगळे मान देत होते ते पावणेदोन मिलिमीटरनं चुकलं होतं. मी तेव्हाच सगळ्यांना हाक मारून दाखवू शकले असते. पण मग कुंताबाईंनी पुन्हा हात फिरवला असता आणि पंखा त्यांचाच झाला असता. मला तो माझा हवा होता. मी पदराआड चाकूचं पातं घेतलं आणि लाख खरवडली. थोडं खरवडायचं, मोजायचं, पुन्हा खरवडायचं. नव्वद पूर्णांक शून्य येईपर्यंत. मग गरम फडक्यानं पुसून चमक आणली आणि लाखेचा भुगा चुलीत टाकला. चुलीतून गोडसर वास आला.

कुंताबाई परतल्या. नमुना हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि तो अंगठा मधेच थांबला.

"भाऊ, आज नका ओतू."

"काहून जी? मूस लाल होऊन राह्यली."

"थर पातळ वाटून राह्यला."

"मी आत्ताच मोजलंय," मी म्हणाले. "बरोबर नव्वद आहे. वहीत आहे तेवढंच."

टेकचंदांनी कुंताबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाटेवरून मारोतराव हसले. "आता बी.एस्सी.च्या पुढं नख काय करन, बाई?"

"मोजलं न? मंग झालं," टेकचंद म्हणाले.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. इतकं गोड वाक्य ते माझ्यासाठी कधी बोलले नव्हते. कुंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी नमुना वाळूत दाबला.

पंखा सुंदर निघाला. पंपात घातला तेव्हा फिरलाही. थोडा सैल वाटतो, असं भोजराज म्हणाले, पण फेरी चार दिवसांवर आली होती. मारोतराव गाडी भोजराजांकडेच ठेवून सानगडीला गेले, आणि फेरीच्या दिवशी पहाटेच येऊन ती घेऊन आमच्या दारावरून भोंगा वाजवत नागपूरकडे गेले. टेकचंद चौकापर्यंत मागे धावले.

गाडी नागपूर रस्त्यावरच्या, भंडाऱ्याजवळच्याच शहापूरच्या पुढे गेली नाही. पंखा फिरत होता, पण त्याच्या आणि घराच्या मधल्या फटीतून पाणी मागे येत होतं. इंजिन तापलं, रेडिएटरचं पाणी उकळलं, आणि मारोतराव फेटा बांधून, नवा कोट घालून, महामार्गाच्या कडेला दुपारपर्यंत बसून राहिले. नागपूरकडे जाणारी प्रत्येक एसटी त्यांना पाहून हळू होत होती, असं त्यांनी सांगितलं. पंखा त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवला, आदळलासुद्धा नाही.

टेकचंदांनी तो माझ्याकडे दिला. "मोज."

अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.

"नमुना नव्वद होता," टेकचंद म्हणाले. "शोभानं मोजला, माह्या समोर सांगतलं. मंग लहान कसा झाला? वाळू ढिली ठोकली, कुंताबाई."

"वाळू बराबर होती, भाऊ."

"मंग काय पितळ पळून गेलं?"

कुंताबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी व्हर्नियर पुसत होते. टेकचंद म्हणाले, उद्यापासून मोटारीच्या कामाला त्यांनी हात लावायचा नाही, परातींना पॉलिश करावं. त्या तीन दिवस पॉलिश करायला आल्या. चौथ्या दिवशी आल्या नाहीत.

त्या चौथ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन बसले. दीड मिलिमीटर कुठे गेला हे मला खरंच कळत नव्हतं, आणि न कळलेलं आकडेमोडीत घालायची मला सवय होती. पितळ ओततो साधारण नऊशे अंशांना. हवा तीस. फरक आठशे सत्तर. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला एक प्रश्न आला होता, रेल्वेच्या दोन रुळांमध्ये उन्हाळ्यासाठी किती फट ठेवावी. मला पैकीच्या पैकी गुण होते. पितळेचा गुणांक तेव्हा पाठ होता, अजूनही होता. मी गुणाकार केला. नव्वद मिलिमीटरचा तुकडा थंड होता होता दीड मिलिमीटर आकसतो. कानशीनं घासलेलं धरून उत्तर अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.

मग मी दुसरा गुणाकार केला, करायचा नव्हता तरी. एक्याण्णव पूर्णांक सातचा. थंड होऊन, घासून, बरोबर नव्वद.

म्हणून मुठी बसत होत्या. म्हणून झाकणं बसत होती. गुंड एवढातेवढा लहान झाला तर कुणाला कळत नाही, म्हणून टेकचंदांनाही कधी विचारावं लागलं नव्हतं. कुंताबाईंची सासू नखानं तेच उत्तर काढत होती.

आणि तरी मी गप्प राहिले. तीन आठवडे. नव्या नमुन्यावर लाख मीच चढवली, व्हर्नियरनं मोजून, एक्याण्णव पूर्णांक सात. कुंताबाईंच्या पाटावर बसून. पंखा थंड झाला तेव्हा टेकचंदांनी तो उचलला आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिला. कोमट होता. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला तो नखानं वाजवता आला नाही. वाजवून काय ऐकायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

पंखा बसला. मारोतराव सानगडीहून भंडाऱ्यापर्यंत भर एप्रिलच्या उन्हात आले, आणि रेडिएटरला हात लावून दाखवला. "वयनी, तुमीच पह्यलेपासून केलं असतं तर माही फेरी चुकली नसती. शिकल्या हाताचं काम वेगळंच असते. ते बाई म्हातारी झाली आता."

टेकचंद मान डोलावत होते.

"पहिला पंखा माझ्यामुळे लहान झाला," मी म्हणाले. "कुंताबाईंचा थर बरोबर होता. त्या जेवायला गेल्या तेव्हा मी तो खरवडला."

मारोतरावांनी रेडिएटरवरचा हात काढून घेतला. टेकचंद बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाल्यावरही.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"नव्वद यायला हवं होतं. मला वाटलं..."

"थे नाही इचारलं."

त्यांनी काय विचारलं होतं ते मला कळलं होतं. "कुंताबाईले बोलावून आण," ते म्हणाले. मी चप्पल घातली आणि कुंताबाईंच्या घरी गेले.

त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. उठल्या नाहीत, पण सूप बाजूला करून जागा केली. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एक खडा काढून टाकला.

"मले मालूम आहे न," त्या म्हणाल्या. "अंगठा लावला तवाच समजलं. चुलीतून लाखेचा वासही येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय व्हते? तुमी मोजलं होतं." त्यांनी सूप झटकलं. "पितळ थंड व्हताना आंग चोरते, वयनी. तुमच्या पुस्तकात नाही का?"

"आहे."

"मंग?"

त्या हसल्या, तुकडा वाजवून हसत तशा, आणि मला पुन्हा ते सहन झालं नाही. माफी मागायला आलेल्या माणसाला हे व्हायला नको होतं.

"टेकचंद बोलावतात," मी म्हणाले. "मीही बोलावते."

"येतो. पण थे चिमटा मले शिकवान."

"कोणता चिमटा?"

"तुमचा. मोजाचा."

मला नाही म्हणायचं होतं. घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छपरीत मी त्यांना व्हर्नियर शिकवला. वरची पट्टी, खालची पट्टी, कोणती रेघ कोणत्या रेघेसमोर येते ते. कॉलेजात मला हे नीट जमायला दोन प्रॅक्टिकल लागली होती. कुंताबाईंना अंकांची ओळख बाजारापुरती होती. त्यांनी व्हर्नियरचे दात हलकेच तुकड्याला लावले, पट्टी डोळ्यांशी धरली आणि श्वास रोखला.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "अन् वरचे चार."

टेकचंद भट्टीपाशी थांबले होते. ते कुंताबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

मी व्हर्नियर मागून घेतला आणि मोजलं. एकसष्ट पूर्णांक चार. खिडकीशी जाऊन, उजेडात, मी पुन्हा एकदा मोजलं.